ॲक्शन पिक्चरमधली ती भलीमोठी पिस्तुलं: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पिक्चरमधल्या मोठ्या पिस्तुलांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा म्हटलं होतं, तर प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. सगळे घेणं शक्य नाही, जे फिरून फिरून आले तेवढे घेतेय. मी स्पर्धेतली पिस्तूल नेमबाजी शिकवते, त्यामुळे पडद्यावर गोळी सुटली की बाकीचे सगळे व्हिलनकडे बघतात आणि मी हिरोच्या मनगटाकडे, घरचे म्हणतात तुझ्यासोबत पिक्चर बघणं म्हणजे शिक्षा आहे. असो, सुरू करते.

प्रश्न: ताई, डेझर्ट ईगल हे खरंच जगातलं सगळ्यात भारी पिस्तूल आहे का? ज्याला खतरनाक दाखवायचंय त्याच्या हातात तेच असतं.

वजनाने भारी म्हणत असाल तर अगदी हो. .५० कॅलिबरचं, म्हणजे नळीचं तोंड साधारण अर्ध्या इंचाचं असलेलं, डेझर्ट ईगल रिकामं असतानाच जवळपास २ किलो भरतं. दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटली हात लांब करून धरा, ती हलू न देता भिंतीवरच्या एका ठिपक्यावर रोखून ठेवा आणि किती वेळ जमतंय ते बघा. ऑलिंपिकच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात पिस्तुलाला १४०० ग्रॅमची मर्यादा आहे, त्याच्या आतलं पिस्तूल पेलायलासुद्धा मुलांचे खांदे तयार व्हायला महिनेच्या महिने जातात. पोलिसांकडे सर्रास दिसणारं ग्लॉक १७ रिकामं साधारण ६३० ग्रॅम आणि त्यात १७ गोळ्या, डेझर्ट ईगल .५० मध्ये ७. तिप्पट वजन उचलून निम्म्याहून कमी गोळ्या, हा सौदा ज्याला रोज कमरेला लावून फिरायचंय तो कशाला करेल?

पण ते बनलं कसं ते मात्र भारी आहे, त्यासाठी मी त्याला मानते. साध्या पिस्तुलात गोळी सुटली की नळी आणि वरची स्लाइड एकत्र थोडं मागे येतात, मग नळी सुटते, स्लाइड तशीच मागे जात राहते आणि काडतुसाची रिकामी केस, म्हणजे पितळी पुंगळी, बाहेर फेकली जाते. मॅग्नम म्हणजे जास्त बारुदाची जोरदार काडतुसं, ती या रचनेला झेपवणं अवघड. मग अमेरिकेतल्या मॅग्नम रिसर्च कंपनीने १९८० च्या दशकात रायफलचा उपाय उचलला: नळीतून थोडा गॅस एका छोट्या भोकातून वळवायचा, तो नळीखालून पुढे न्यायचा आणि त्याच्या जोरावर स्लाइड मागे ढकलायची. काडतुसाच्या मागून नळी बंद करणारा बोल्टसुद्धा रायफलसारखा फिरून लॉक होणारा. उत्पादन इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीजने केलं, त्यावरून इस्रायली कमांडो हेच वापरतात अशी समजूत पसरली, पण कुठल्याच मोठ्या सैन्याचं ते नेहमीचं पिस्तूल कधी झालं नाही.

रायफलचा उपाय आला की रायफलचे नखरेही आले. नुसत्या शिशाची, वर तांब्याचं आवरण नसलेली गोळी वापरली की ते गॅसचं भोक शिशाने बुजायला लागतं. हात ढिला पडला तर पुढची गोळी नीट चढत नाही. आणि एक गंमत जी पिक्चरवाल्यांना कधीच कळलेली नाही: याचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, मुठीत घट्ट बसत नाही, किंचित मोकळं राहावं अशीच त्याची रचना आहे. पडद्यावर हिरो दुसरा तळवा पिस्तुलाच्या बुडाला खालून लावून धरतो ना, कपबशी धरल्यासारखा, तसं धरून मॅगझिन वर दाबलं तर गोळी अडकायची शक्यता वाढते. म्हणजे स्टाइल मारायला गेला आणि तिसऱ्या गोळीला पिस्तूल गप्प.

प्रश्न: माझे हात लहान आहेत. मोठ्या पिस्तुलात प्रॉब्लेम फक्त झटक्याचा असतो की धरण्याचाही?

धरण्याचा आधी, झटक्याचा नंतर. सेमी-ऑटो पिस्तुलात, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढते अशा पिस्तुलात, मॅगझिन मुठीच्या आत असतं, त्यामुळे काडतूस जेवढं लांब तेवढी मूठ पुढून मागे जाड, त्यात पळवाट नाही. ९ एमएमचं काडतूस साधारण ३० मिलिमीटर लांब, .४४ मॅग्नम आणि .५० एई (डेझर्ट ईगलचं .५०) यांचं जवळजवळ ४१. हे अकरा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण बोटाचं पेर ट्रिगरपर्यंत पोचतंय की नुसतं टोक पोचतंय हे तिथेच ठरतं. बोट पुरत नाही म्हणून माणूस तळवा बाजूला सरकवतो, मग पिस्तूल हाताच्या हाडांच्या रेषेत न राहता अंगठ्याच्या बुडाशी टेकतं आणि सगळा धक्का अंगठ्याच्या सांध्यावर येतो. लहान हाताचाच नाही, मध्यम हाताचा माणूससुद्धा इथे फसतो.

प्रश्न: .५० ची गोळी लागली की माणूस मागे उडून काचेतून बाहेर पडतो, हे किती खरं?

शून्य. हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला, म्हणून गणित करूनच दाखवते, शाळेतलंच आहे.

.५० एईची गोळी समजा १९.४ ग्रॅमची, वेग सेकंदाला ४५० मीटर. गुणाकार केला की संवेग येतो साधारण ८.७. ही पूर्ण गोळी ८० किलोच्या माणसात रुतून बसली, आरपार गेलीच नाही, असं धरा, त्याच्या अंगाला मिळणारा वेग ८.७ भागिले ८०, म्हणजे सेकंदाला ११ सेंटिमीटर. आपण निवांत चालतो तेव्हा सेकंदाला सव्वा ते दीड मीटर जातो. म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्यात दांडग्या पिस्तुलांपैकी एकाने गोळी घातली तरी माणसाला मिळणारा वेग चालण्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. ९ एमएमच्या गोळीचा हिशोब केला तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास येतो.

आणि न्यूटनचा तिसरा नियम विसरू नका, जो धक्का गोळीने समोरच्याला दिला तो पिस्तुलाने झाडणाऱ्याला आधीच दिलेला असतो, उलट थोडा जास्तच कारण नळीतून गॅसही बाहेर पडतो. व्हिलन जर काचेतून उडाला तर हिरोही मागच्या भिंतीवर आपटलेला दिसायला हवा. खरी माणसं गोळी लागल्यावर बसकण मारतात, कोसळतात, कधी कधी लागलंय हे कळायच्या आधी पळतही सुटतात. मागे उडणारा स्टंटमन असतो, त्याच्या पाठीला वायर लावलेली असते आणि कोणीतरी ती खेचत असतं.

प्रश्न: डर्टी हॅरीमध्ये क्लिंट ईस्टवुड .४४ मॅग्नमला जगातली सर्वांत ताकदवान हँडगन म्हणतो. त्या काळी तरी ते खरं होतं का?

दुकानात मिळणाऱ्या हँडगनपुरतं बोलायचं तर खरं होतं. पिक्चर १९७१ चा. स्मिथ अँड वेसनचं ते रिव्हॉल्व्हर, नंतर मॉडेल २९ म्हणून ओळखलं गेलेलं, १९५५ च्या शेवटी आलं होतं आणि त्यामागे एल्मर कीथ नावाच्या शिकारी लेखकाचा हट्ट होता, हा गडी वर्षानुवर्षं .४४ स्पेशलच्या काडतुसात ठासून बारूद भरून प्रयोग करायचा. त्याच्या डोक्यात शिकार होती, शहरातल्या गल्लीतला चोर नव्हे. .४५४ कॅसल हे त्याहून जोरदार काडतूस १९५० च्या दशकातच तयार झालं होतं, पण त्याचं रिव्हॉल्व्हर कारखान्यातून विक्रीला यायला १९८३ उजाडलं, त्यामुळे डायलॉग लिहिणाऱ्याला फारसा दोष देता येत नाही.

मजा म्हणजे पुढच्याच भागात, १९७३ च्या मॅग्नम फोर्समध्ये, हॅरी स्वतःच सांगतो की मी यात हलकं स्पेशल काडतूस वापरतो, कंट्रोल चांगला राहतो. हे अनेकांच्या लक्षातच राहत नाही! म्हणजे जगातली सर्वांत ताकदवान हँडगन घेऊन फिरणारा माणूस आत सौम्य गोळ्या भरतोय, आणि खरं सांगायचं तर त्या अख्ख्या मालिकेतलं मला पटलेलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य तेच. जड रिव्हॉल्व्हर आणि हलकं काडतूस, झटका कमी, नेम लवकर परत लागतो.

तिथून पुढे स्पर्धाच लागली म्हणा. १९८३ च्या सडन इम्पॅक्टमध्ये हॅरीच्या हातात .४४ ऑटो मॅग आलं, स्टेनलेस स्टीलचं, दिसायला एकदम राजेशाही. हे पिस्तूल १९७१ मध्ये बाजारात आलं आणि बनवणारी मूळ कंपनी थोड्याच काळात दिवाळखोरीत गेली, अडकण्याबद्दल ते बदनाम होतं. कॅमेऱ्यासमोर मात्र आजही त्याला तोड नाही.

प्रश्न: मग हिरो लोक एका हाताने एवढं मोठं पिस्तूल आरामात कसं चालवतात? हात हलतही नाही.

कारण आत गोळीच नसते. शूटिंगला ब्लँक वापरतात, म्हणजे केस आहे, बारूद आहे, पण पुढे शिशाचा तुकडा नाही. वस्तुमानच बाहेर फेकलं जात नाही तर झटका येणार कुठून? उलट सेमी-ऑटो पिस्तूल ब्लँकवर चालावं म्हणून नळीच्या आत अडथळा बसवावा लागतो, तेव्हा कुठे स्लाइड मागे यायला पुरेसा दाब तयार होतो. हल्ली तर बऱ्याच सेटवर ब्लँकही नाही, नळीतला भडका कॉम्प्युटरवर नंतर चिकटवतात, आणि नट बिचारा हात स्वतःच झटकून दाखवतो. बहुतेक नट चुकीच्या वेळी झटकतात, भडका दिसून गेल्यावर.

खरा झटका किती? अंदाजे हिशोब मांडला तर .५० च्या डेझर्ट ईगलची रिकॉइल ऊर्जा ३० ज्यूलच्या आसपास येते, भरलेल्या ९ एमएम सर्व्हिस पिस्तुलाची ६ च्या आसपास. पाचपट. तीही २ किलो वजनाने बराच धक्का गिळल्यानंतर.

पण ब्लँक म्हणजे खेळणं असा अर्थ कृपा करून काढू नका. १९९३ मध्ये 'द क्रो' या पिक्चरच्या सेटवर नट ब्रँडन लीचा जीव गेला तो .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरनेच. आधीच्या शॉटला वापरलेल्या डमी काडतुसातली गोळी नळीत अडकून राहिली होती, कोणी नळी तपासली नाही, आणि नंतर मागून ब्लँक उडाल्यावर ती अडकलेली गोळी खऱ्या गोळीसारखीच सुटली.

प्रश्न: मॅडम, काउंटर-स्ट्राइक गेममध्ये मी डीगलने (डेझर्ट ईगलने) एका गोळीत हेडशॉट मारतो. खऱ्यात जमेल का?

माउसला मनगट दुखत नाही रे बाबा. एक गोळी नीट लागेलही, स्थिर उभं राहून दोन्ही हातांनी धरलंस तर डेझर्ट ईगल बऱ्यापैकी अचूक आहे, नळी त्याची जागची हलत नाही हा त्याचा गुणच आहे. दुसरी गोळी कधी आणि कुठे, तिथे खेळ आणि खरं यांच्यात फरक पडतो.

प्रश्न: दोन हातांत दोन पिस्तुलं?

दोन डोळ्यांनी दोन वेगवेगळे नेम धरता येत नाहीत. आणि मॅगझिन बदलायला तिसरा हात कुठून आणणार? पुढे जाऊया.

प्रश्न: पण मोठी गोळी जास्त नुकसान करणारच ना? मग पोलीस आणि सैन्य छोटी ९ एमएम घेऊन का फिरतात? हे मला कधीच पटलं नाही.

तुम्हाला पटलं नाही तसं मोठमोठ्या संस्थांनाही पटलं नव्हतं, त्यांनी मोठी गोळी घेऊन बघितली आणि मग परत फिरल्या. ही गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

११ एप्रिल १९८६, मायामी. एफबीआयचे एजंट आणि दोन बँक दरोडेखोर यांच्यात भर रस्त्यात चकमक झाली, दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. दरोडेखोरांपैकी एकाला सुरुवातीलाच ९ एमएमची गोळी लागली होती, ती दंडातून छातीत शिरली पण काळजापर्यंत पोचायच्या आत थांबली, आणि तो माणूस त्यानंतरही रायफल चालवत राहिला. एफबीआयने निष्कर्ष काढला की गोळी कमी पडली. मग जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चाचण्या झाल्या, गोळी निदान १२ इंच आत गेली पाहिजे असा निकष ठरला, आणि १० एमएमचं दणदणीत काडतूस निवडण्यात आलं.

आता बघा काय झालं. पूर्ण ताकदीचं १० एमएम अनेक एजंटना झेपेना, झटका जास्त, पिस्तूल अवजड. म्हणून काडतुसातला जोर कमी करून घेतला. जोर कमी केल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की एवढंच बारूद घालायचं तर एवढी लांब केस कशाला, ती कापून छोटी केली तर लहान पिस्तुलात बसेल, आणि १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) हे काडतूस जन्माला आलं. अमेरिकेतले पोलीस कित्येक वर्षं तेच वापरत होते. तोवर गोळ्या बनवण्याचं तंत्र सुधारलं, नव्या ९ एमएम गोळ्या तोच १२ इंचांचा निकष पार करायला लागल्या, आणि २०१० च्या दशकात एफबीआय परत ९ एमएमवर आली. कारण त्यांनी स्वच्छ मांडलं होतं: बहुतेक लोक ९ एमएमने जास्त लवकर आणि जास्त अचूक मारतात, मॅगझिनमध्ये गोळ्याही जास्त बसतात.

चकमकीत प्रशिक्षित माणसाच्याही बऱ्याच गोळ्या हुकतात. हुकलेल्या गोळीचा आकार किती मोठा होता याला काय अर्थ आहे? उलट ती हुकलेली .४४ ची गोळी भिंत फोडून पलीकडच्या खोलीत जाईल ही वेगळी डोकेदुखी, पिक्चरमध्ये पलीकडच्या खोलीत कोणी नसतं.

सैन्यातलंही एक उदाहरण देते. अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडने १९९० च्या दशकात पिक्चरमध्ये शोभेल असं पिस्तूल मुद्दाम बनवून घेतलं, हेकलर अँड कॉखचं मार्क २३, .४५ कॅलिबर, १२ गोळ्या, रिकामं १.२ किलो, पुढे सायलेन्सर, खाली लेझरचा डबा. टिकाऊ आणि अचूक, त्यात वादच नाही. पण सायलेन्सर लावल्यावर लांबी ४२ सेंटिमीटरच्या वर जाते, आणि ज्याच्या खांद्याला आधीच रायफल आहे त्याला कमरेला हे लोढणं कशाला हवं? ज्यांच्यासाठी बनवलं त्यांच्यातलेच बरेच जण लहान पिस्तुलांकडे वळले. व्हिडिओ गेमवाल्यांनी मात्र त्याला अजरामर केलं.

प्रश्न: पूर्वीच्या काळी तर खऱ्यातही अवाढव्य रिव्हॉल्व्हर असायची ना?

असायची, पण ती घोडा उचलायचा. १८४७ चं कोल्ट वॉकर घ्या, .४४ कॅलिबर, ९ इंची नळी, वजन २ किलोच्या पुढे, म्हणजे आजच्या डेझर्ट ईगलला भारी पडेल. सॅम्युअल वॉकर या घोडदळातल्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून बनलं आणि ते खोगिराला लटकवलेल्या होल्स्टरमध्ये ठेवायचे, कमरेला नव्हे. त्यातही भानगडी किती! गोळ्यांच्या फिरत्या सिलिंडरच्या एकेका खणात एवढं बारूद मावायचं की काही रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर चक्क फुटले. नळीखाली गोळी ठासायचा दांडा असतो, तो झटक्याने सुटून खाली पडायचा आणि सिलिंडर फिरायचंच थांबायचं, म्हणून लोक तो दांडा चामड्याच्या वादीने नळीला बांधून ठेवायचे. दुसऱ्याच वर्षी कोल्टने कमी बारूद मावणारं, जरा आटोपशीर मॉडेल काढलं आणि १८५१ मध्ये .३६ कॅलिबरचं नेव्ही मॉडेल आलं, जवळपास निम्म्या वजनाचं, आणि ते तुफान खपलं.

प्रश्न: .४४ ने गाडीचं इंजिन बंद पाडता येतं असं ऐकलंय.

रेडिएटर फुटेल, एखादी वायर किंवा सेन्सर जाईल, नशीब जोरावर असेल तर गाडी थोड्या वेळाने गरम होऊन बंद पडेल, तोपर्यंत ती तुमच्या अंगावरून गेलेली असेल. अमेरिकन कोस्ट गार्डचं एक पथक हेलिकॉप्टरमधून तस्करांच्या वेगवान बोटींची इंजिनं गोळी घालून बंद पाडतं, पण ते .५० बीएमजी या मशीनगनच्या काडतुसाच्या रायफली वापरतात. त्या गोळीची ऊर्जा १७ हजार ज्यूलच्या आसपास, .४४ मॅग्नमची साधारण १३००. दोन्हीकडे .५० लिहिलेलं असलं तरी डेझर्ट ईगलचं .५० आणि ते .५० यांचा काडीचा संबंध नाही, डेझर्ट ईगलच्या गोळीची ऊर्जा २ हजारच्या आसपासच.

प्रश्न: मोठ्या रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावून आवाज एकदम "फुट्" असा येतो, हे बरोबर का?

रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते, आवाज आणि गॅस तिथूनच निसटतो, मग पुढे काहीही लावा. नागां १८९५ हे रशियन रिव्हॉल्व्हर हा नावाजलेला अपवाद, त्यात सिलिंडर पुढे सरकून फट बंद होते. आणि पिस्तुलाचा आवाज सायलेन्सर लावूनही १३० डेसिबलच्या आसपास राहतो, ते "फुट्" वगैरे काही नाही. विनासायलेन्सर तर १६० च्या घरात, बंद खोलीत मॅग्नम झाडलं तर हिरोला पुढचे डायलॉग ऐकूच येणार नाहीत.

त्या फटीवरून आठवलं, मोठ्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरवर अंगठा पुढे, फटीच्या बाजूला ठेवायची सवय असेल तर ती मोडा. तिथून निघणारा गॅस एवढ्या दाबाचा आणि गरम असतो की अंगठा कापला, भाजला जातो. सेमी-ऑटोवर शिकलेले लोक दोन्ही अंगठे पुढे ठेवायला शिकलेले असतात आणि नेमके तेच इथे सापडतात. पोस्टरवर एखाद्या नटाचा अंगठा त्या फटीशी दिसला की माझ्या अंगावर काटा येतो.

प्रश्न: मग ही पिस्तुलं कोणी विकत घेतच नसेल.

घेतात की! स्मिथ अँड वेसनने २००३ मध्ये मॉडेल ५०० काढलं, पाच गोळ्यांचं, लांब नळीवालं २ किलोच्या वर, गोळीची ऊर्जा साडेतीन हजार ज्यूलपर्यंत जाते, सैनिकी ५.५६ रायफलच्या जवळपास दुप्पट. ते शिकाऱ्यांसाठी आहे. अलास्कासारख्या ठिकाणी अस्वलांच्या मुलखात फिरणारे गाइड, मासेमारी करणारे लोक .४४ किंवा त्याहून मोठं रिव्हॉल्व्हर छातीवरच्या होल्स्टरमध्ये ठेवतात, कारण हातात गळ असताना रायफल पाठीवर असून उपयोग नाही आणि अस्वलाची हाडं, चरबी, स्नायू भेदायला खोल जाणारी गोळीच लागते. तिथे मोठेपणाला काम आहे.

दुसरा गिऱ्हाईक म्हणजे सिल्हुएट नेमबाज. प्राण्यांच्या आकाराच्या पोलादी पाट्या, कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १००, टर्की १५० आणि मेंढा थेट २०० मीटरवर, आणि नुसतं लागून चालत नाही, पाटी खाली पडली पाहिजे. मेंढ्याची पाटी चांगली जड असते, किरकोळ गोळी तिला लागून टणकन आवाज करते आणि पाटी ढिम्म उभी. म्हणून तिथे मॅग्नम लागतं. हा खेळ १९७० च्या दशकात अमेरिकेत जोरात आला आणि डेझर्ट ईगलसुद्धा अशाच लोकांना आणि शिकाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून काढलेलं होतं, गुंडांना नाही.

उरलेले हौशी, पिक्चर बघून घेतलेले. त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, हौसेला मोल नसतं.

प्रश्न: पडद्यासाठी खास बनवलेल्या पिस्तुलांबद्दल सांगा ना, रोबोकॉपचं वगैरे.

हा माझा लाडका विषय. रोबोकॉपसाठी, १९८७ चा तो, आधी डेझर्ट ईगलच ठरलं होतं. पण पीटर वेलरने तो चिलखती सूट घातल्यावर त्याच्या हातात डेझर्ट ईगल किरकोळ दिसायला लागलं! मग बेरेटा ९३आर घेतलं, जे मुळात एका दाबात तीन गोळ्या सोडणारं ९ एमएम पिस्तूल आहे, त्याला लांबलचक नळी आणि पुढे तो डबा बसवला आणि झालं ऑटो ९. बघा, काडतूस छोटं झालं आणि पिस्तूल मोठं झालं. कॅमेऱ्याला कॅलिबर दिसत नाही, त्याला फक्त हाताच्या मानाने आकार दिसतो, आणि मोठं पिस्तूल पडद्यावर का आलं याचं अख्खं उत्तर मला तरी त्या सूटमध्ये सापडतं.

१९८८ च्या रेड हीटमध्ये श्वार्झनेगरकडे पॉडबिरिन ९.२ एमएम नावाचं रशियन पिस्तूल आहे, तसं पिस्तूल जगात नाही, डेझर्ट ईगललाच वेगळा पोशाख चढवलाय. १९८९ च्या बॅटमनमध्ये जोकर पँटमधून हातभर नळीचं रिव्हॉल्व्हर काढून विमान पाडतो, तो तर उघड विनोदच आहे आणि म्हणूनच मला आवडतो.

आणि पहिल्या टर्मिनेटरमधलं, १९८४ चं, लेझरवालं .४५ लाँगस्लाइड. लेझर खरा होता. पण त्या वेळचा हेलियम-निऑन लेझर, सुरू व्हायला हजारो व्होल्ट लागायचे, त्यामुळे वीजपुरवठ्याचा डबा जॅकेटच्या आत लपवला, वायर बाहीतून पिस्तुलापर्यंत नेली आणि लाल ठिपका चालू करायचं बटण श्वार्झनेगरच्या दुसऱ्या हातात. पुढच्या वेळी तो सीन बघाल तेव्हा दुसऱ्या हाताकडे लक्ष ठेवा.

प्रश्न: मी शॉर्ट फिल्म करतोय. हिरॉइन पोलीस अधिकारी आहे, तिला मोठं पिस्तूल द्यावं असं सगळी टीम म्हणतेय. काय करू?

साधं ९ एमएम दिसणारं द्या, रबरी डमीच वापरा, भडका नंतर एडिटमध्ये टाका. मोठं दिसायला हवं असेल तर कॅमेरा हाताच्या खाली आणि जवळ लावा, रुंद लेन्सला पुढे आलेली वस्तू आपोआप मोठी दिसते, पिस्तुलावर पैसे घालायची गरज नाही. तिला दोन्ही हातांनी धरायला शिकवा, कोपर किंचित वाकलेलं, वजन पुढच्या पायावर, आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर नको, बाहेर फ्रेमवर सरळ. तालमीत एक गोष्ट हजारदा करून घ्या: पिस्तूल होल्स्टरमधून काढणं आणि न बघता परत ठेवणं. परत ठेवताना जी नटी खाली वाकून होल्स्टर शोधत नाही ती पडद्यावर खरी पोलीस वाटते. टीमने तरीही डेझर्ट ईगलचा हट्ट धरला तर ते व्हिलनला देऊन टाका, आणि तिसऱ्या गोळीला ते अडकलेलं दाखवा.